बारा महिन्यांची हॉकी

राधिकाचं लग्न सिंगापुरात लागलं, ते २०२४ साल. फेब्रुवारीतला मुहूर्त होता. त्या लग्नाचा एक फोटो तिच्या भावाच्या, उन्मेषच्या, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर लावलेला आहे. फोटोत अंतरपाटाच्या कडेला करवली म्हणून उन्मेषची मुलगी पूर्वी उभी आहे. बारा वर्षांची, हातात करा, अंगावर हिरवा परकर-पोलका. फोटोत दिसत नाही ते एवढंच की त्या परकराखाली तिच्या दोन्ही नडग्यांवर हॉकीचे शिनगार्ड बांधलेले होते. सकाळचा सराव आटोपून ती मैदानावरून थेट हॉलवर आली होती, आणि काढायला वेळच मिळाला नव्हता. आत्याचं लग्न असलं तरी सराव चुकवायचा नाही, असं तिच्या आजोबांचं फर्मान होतं. आजोबा म्हणजे नवरीचे वडील, विनायकराव. पोटच्या मुलीच्या मंगलाष्टका चालू असताना हा गृहस्थ घड्याळाकडे बघत होता, कारण दुपारी चारला क्लबचा पुन्हा सराव होता.

विनायकराव खडकीचे. दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर काम केलं आणि त्यातली वीस वर्षं कारखान्याच्या संघातून हॉकी खेळले. फुलबॅक होते. समोरून चेंडू घेऊन येणारा खेळाडू कुठे वळणार हे त्यांना त्याच्या कमरेवरून कळायचं. "डोळे फसवतात, खांदे फसवतात, स्टिक तर फसवण्यासाठीच असते," असं ते सांगत. "कंबर फसवत नाही. कंबर जिकडे, माणूस तिकडे." पत्नी गेल्यावर उन्मेषनं त्यांना सिंगापूरला आणलं तेव्हा पूर्वी सहा वर्षांची होती. त्यांनी येताना दोन बॅगा आणि एक जुनी स्टिक आणली. महिनाभरात नात त्या स्टिकला लोंबकळायला लागली, आणि म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला.

पोरगी खरोखरच गुणी निघाली. तशी ती पोहायची, बॅडमिंटन खेळायची, शाळेत दोरीवरच्या उड्या मारायची. पण दहा वर्षांची झाली तसं विनायकरावांनी एकेक करून सगळं बंद करवलं. "एक धर आणि घट्ट धर. आम्ही खडकीला बारा महिने हॉकी खेळलो, दुसऱ्या कशाला हात लावला नाही, म्हणून निभावलं." सून विभा विद्यापीठात संशोधन करायची. तिला हे पटत नव्हतं. "बाबा, लहान आहे ती. सगळं खेळू दे की," ती म्हणायची. उन्मेषला मात्र दुसरंच दिसत होतं. तो बँकेत होता आणि हिशेबी माणूस होता. सिंगापुरात सहावीतल्या मुलांना खेळाच्या जोरावर चांगल्या माध्यमिक शाळेत आधीच प्रवेश मिळू शकतो. त्याला डीएसए म्हणतात. मे महिन्यात अर्ज, जुलैत मैदानावर चाचणी. ज्या शाळेचं नाव उन्मेषच्या मनात होतं, तिथं मुलींची हॉकी जोरात होती. तेव्हा बाप आणि आजोबा यांचं जमलं, आणि आईचं कुणी ऐकलं नाही.

मग आठवड्यातून तीन दिवस शाळेची हॉकी, दोन दिवस क्लबची, शनिवारी सामने. राहिलेल्या सकाळी विनायकराव तिला मल्टीस्टोरी कार पार्कच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर न्यायचे. तिथं सकाळी गाड्या नसायच्या. सिमेंटवर खडूनं रेघा मारून ते तिला पळवायचे, थांबवायचे, वळवायचे. शाळेला सुट्ट्या लागल्या की क्लबची शिबिरं. डिसेंबर असो की जून, खंड नाही.

एप्रिलच्या शेवटी पूर्वीची डावी नडगी दुखायला लागली. तिनं ते आईला नाही, आजोबांना सांगितलं.

"कुठं दुखतं?"

"इथं. पळताना. नंतर पण."

"हे सगळ्या खेळाडूंना होतं, बाळ. नडगीला सवय व्हायची असते." त्यांनी आंबेहळद उगाळली, कोमट करून लेप लावला, वरून जुन्या धोतराची पट्टी बांधली. "आईला सांगू नकोस. ती लगेच सगळं बंद करायला सांगेल."

तीन आठवडे असंच चाललं. रोज लेप, रोज पट्टी, रोज सराव. पूर्वीचा आजोबांवर विश्वास होता. तिनं दात आवळले आणि पळत राहिली. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती टर्फवर पळता पळता अशी खाली बसली, जशी पिशवी हातातून सुटावी. पाय टेकवेना.

शहरातल्या नोव्हेना भागात डॉक्टर नीलिमा म्हणून खेळाडूंच्या हाडांची डॉक्टर होती, मूळची पुण्याची. तिनं एमआरआय काढायला लावला आणि चौघांनाही, आईबापांना, आजोबांना आणि पूर्वीला, संगणकासमोर बसवलं. पडद्यावर नातीच्या पायाचं हाड दिसत होतं, काळं, लांब, नितळ. आणि त्याच्या मधोमध धुक्यासारखा पांढरा डाग, त्यात केसाएवढी एक रेघ.

विनायकराव पुढं झुकले. आयुष्यभर त्यांनी लोखंड कापलं होतं. लोखंडात भेग पडली की तो तुकडा भंगारात जायचा.

"आता ही अशीच राहणार?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, काका," नीलिमा म्हणाली. "हाड म्हणजे काठी नाही. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नव्यानं बांधलं जातं. तुमचं, माझं, सगळ्यांचं. आता आपण बोलतोय ना, तेव्हासुद्धा आत काम चालू आहे. फक्त त्या कामगारांना वेळ द्यावा लागतो. हिला वेळ मिळाला नाही. एकच धक्का, एकाच जागी, रोज." तिनं वही उघडली. "वर्षातून किती महिने हॉकी बंद असते?"

"एकही नाही," विनायकराव म्हणाले. नको तिथं त्यांचा जुना ताठा वर आला. "मी स्वतः बारा महिने खेळलोय, बाई. वीस वर्षं. माझ्या नडगीला कधी काही झालं नाही."

नीलिमानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. "मग तुम्ही नशीबवान. की आणखी काही होतं?"

आणखी काय असणार? विनायकरावांना तर फक्त हॉकीच आठवत होती. तेवढ्यात पूर्वीनं लेपाची गोष्ट सांगून टाकली. घरी येईपर्यंत ग्रॅबच्या टॅक्सीत विभा खिडकीबाहेर बघत राहिली, आणि विनायकरावांना ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

आठ आठवडे पळणं बंद. जुलैची चाचणी गेल्यातच जमा होती. पण उन्मेषनं शाळेला डॉक्टरांचं पत्र पाठवलं आणि शाळेनं उलट कळवलं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलीला एकदा बघू. नीलिमा म्हणाली, तोवर हाड भरेल, हळूहळू पळू शकेल. पण लगेच जोराच्या चाचणीला उतरवायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी असते तर उतरवलं नसतं. घरात दोन तट पडले. उन्मेष आणि पूर्वी एकीकडे, विभा दुसरीकडे. विनायकराव कुठंच नव्हते. डॉक्टरीणबाईंचा तो प्रश्न त्यांच्या डोक्यात लेथसारखा फिरत होता.

जूनमध्ये एका दुपारी त्यांनी खडकीला निशिकांतला फोन लावला. निशिकांत त्यांच्या संघाचा गोलकीपर. वय पंच्याहत्तर, गुडघे दोन्ही नवे, जीभ मात्र जुनीच.

"कोण, विन्या? अजून आहेस का?"

"तू आहेस ना. तुझ्याआधी नंबर लावायला मी काय वेडा आहे?"

"बोल. आवाज का असा पडलाय? सुनेनं जेवायला घातलं नाही का?"

विनायकरावांनी सगळं सांगितलं. हाड, रेघ, लेप, चाचणी. शेवटी म्हणाले, "मला एवढंच सांग, निश्या. आपण बारा महिने खेळलो, मुरमाच्या मैदानावर, साध्या कॅनव्हासच्या बुटात. आपल्याला कसं काही झालं नाही?"

"बारा महिने? कुठं?"

"कुठं म्हणजे? खडकीत."

"अरे, तुझं डोकं सिंगापूरच्या उन्हानं पातळ झालं काय? आषाढ लागला की आपल्या स्टिका कुठं असायच्या?"

विनायकरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोल की. कुठं असायच्या?"

"तुझ्या घरी," विनायकराव सावकाश म्हणाले. "आढ्याला."

"जवसाचं तेल चोळून, सुतळीनं बांधून. बावीस स्टिका. आमची आई म्हणायची, मेल्यांनी घरात वटवाघळं टांगली. आणि खाली कधी उतरायच्या?"

"खंडेनवमीला. कारखान्यात मशिनींची पूजा व्हायची, तिथंच शेजारी मांडायचो."

"मग? मैदानाचा चिखल झालेला असायचा. आषाढ, श्रावण, भादवा. साडेतीन महिने स्टिकला हात कोण लावत होतं? तू तर तालमीत पडलेला असायचास. मला ढाक मारून माझं कोपर उतरवलंस, ते विसरलास? शेडमध्ये कबड्डी खेळायचो. रेल्वेच्या गोदामामागं आट्यापाट्या. नदीला पूर नसेल तेव्हा पोहणं. हॉकी कुठली, हॉकी? दसऱ्याला स्टिक हातात आली की नव्या नवरीसारखी वाटायची."

फोन ठेवल्यावर विनायकराव बोटांवर महिने मोजायला लागले. आपल्याच आयुष्यातले साडेतीन महिने, तेही वीस वर्षांचे, माणूस असा विसरतो कसा? हिशेब केला तर जवळजवळ सहा वर्षं होतात. सहा वर्षं ते खेळाडू म्हणून दुसरंच काहीतरी करत होते, आणि आठवणीत फक्त हॉकी उरली होती. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. ती विश्रांती कुणी ठरवलेलीच नव्हती. कोणा शहाण्यानं नियम केला नव्हता, कोणा डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. आभाळ यायचं आणि मैदान बंद करायचं. आपण न ठरवलेली गोष्ट आपण केली असं कुणाला वाटत नाही.

आणि इथं? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. सिंगापूरला पाऊस आला तर रोजही येतो, तास-दीड तास कोसळतो आणि जातो. कुठलाही महिना कुठल्याही महिन्यासारखा. मैदान निळ्या प्लॅस्टिकच्या गवताचं. त्याच्यावर तर खेळण्याआधी मुद्दाम पाणी मारतात. इथं आभाळ कधीच सांगणार नव्हतं, बास कर. ते सांगणं माणसाच्या अंगावर येऊन पडलं होतं, आणि या घरात तो माणूस म्हणजे ते स्वतः.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

"मी खोटं बोललो. मुद्दाम नाही, पण खोटंच. आम्ही बारा महिने खेळत नव्हतो."

त्यांनी स्टिका, आढं, तालीम, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "पूर्वी ऑगस्टच्या चाचणीला जाणार नाही. दसऱ्यापर्यंत स्टिक बंद."

उन्मेषचा घास हातातच राहिला. "बाबा, हे आता सांगताय? दोन वर्षं तुम्हीच मागं लागलात. डीएसए गेली तर ती शाळा गेली. नुसत्या मार्कांवर तिथं नाही मिळणार."

"नाही मिळणार."

"आणि ते तुम्हाला चालेल?"

"मला न चालणाऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत, उन्मेष. तिचा पाय मोडलेला त्यात पहिली."

पूर्वी ताडकन उठली. रागात तिच्या मराठीत तिथल्या पोरांचं सिंगापुरी इंग्रजी मिसळायचं. "नॉट फेअर, आजोबा! तुम्ही म्हणालात खेळ, मी खेळले. तुम्ही म्हणालात सांगू नको, मी नाही सांगितलं. आता तुम्ही म्हणता स्टॉप. आय डिडन्ट डू एनीथिंग राँग, लाह!"

"नाहीच केलंस. चूक माझी, आणि भोगायचं तुला."

तिनं खोलीचं दार आपटलं. विभा उठली. तिनं सासऱ्यांच्या ताटात न विचारता आणखी आमटी वाढली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "गरम आहे. घ्या."

जुलैत पूर्वी त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. पळायचं नव्हतं म्हणून विभानं तिला पोहायला घातलं. विनायकराव बरोबर जायचे आणि कडेला टॉवेल धरून बसायचे. पहिले दोन आठवडे पोरगी पाण्यात राग काढत होती. नंतर राग गेला आणि पोहणं राहिलं. ऑगस्टमध्ये डॉक्टर नीलिमानं दुसरं चित्र दाखवलं. तेच हाड, तीच जागा. रेघ कुठं होती ते सांगावं लागलं, इतकं ते भरून आलं होतं. विनायकरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ना जोड, ना डाग. कुणी हात लावला नव्हता, ठोकलं नव्हतं, वितळवलं नव्हतं. फक्त थांबले होते. त्यांनी नकळत पडद्यासमोर हात जोडले. नीलिमा हसली नाही.

त्या महिन्यात कधीतरी पूर्वीनंच विचारलं, "आट्यापाट्या म्हणजे काय?"

त्यांच्या इमारतीखाली, सिंगापूरच्या सगळ्या सरकारी इमारतींखाली असतो तसा, मोकळा ऐसपैस मजला होता. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथं खांबावर पाटी होती, चेंडूचे खेळ खेळू नयेत. विनायकरावांनी पाटी वाचली आणि त्यांना खडकी सोडल्यापासून आलं नव्हतं असं हसू आलं. आट्यापाट्यांना चेंडू लागतच नाही. फरशीच्या सांध्यांच्या आडव्या रेघा म्हणजे पाट्या. प्रत्येक रेघेवर एक जण अडवायला उभा, त्यानं रेघ सोडायची नाही. बाकीच्यांनी हूल देऊन एकेक रेघ ओलांडायची, शेवटपर्यंत जायचं आणि परत यायचं. हात लागला की बाद. ना चेंडू, ना काठी, ना बूट. नुसतं अंग आणि अक्कल.

शेजारची हुई मिन आली, तिच्या मैत्रिणी आल्या, खालच्या मजल्यावरची दोन मलय भावंडं आली. रोज संध्याकाळी तासभर व्हॉइड डेकवर ओरडा. "अंकल, शी क्रॉस ऑलरेडी!" "नो लाह, आय टच हर!" विनायकराव पहिल्या रेघेवर खुर्ची टाकून पंच. सप्टेंबरात परीक्षेच्या अभ्यासानं सगळ्यांचे चेहरे उतरले होते, पण हा तास कुणी सोडला नाही.

दसरा बारा ऑक्टोबरला आला, शनिवारी. परीक्षा संपून दहा दिवस झाले होते. सकाळी विनायकरावांनी पाटावर स्टिक ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू न मिळाल्यामुळं टेक्काच्या बाजारातून आणलेली ऑर्किडची फुलं ठेवली. पूर्वीनं नमस्कार केला, आणि स्टिक उचलून तिच्या पकडीवरून अंगठा फिरवला. ते त्यांनी पाहिलं.

दुपारी क्लबचा आपापसातला सामना होता. विनायकराव कडेच्या बाकावर बसले. जवळजवळ पाच महिने चेंडूला शिवली नव्हती पोरगी. पहिली दहा मिनिटं तसंच झालं. चेंडू स्टिकवरून निसटायचा, एकदा तर तो सरळ दोन पायांमधून गेला आणि तिनं जीभ चावली. बाकीच्या मुली सुट्टीभर शिबिरं केलेल्या, त्यांचे हात चोख चालत होते.

मग डाव्या बाजूनं तिला चेंडू मिळाला. समोर एक मुलगी आली. विनायकरावांचे डोळे सवयीनं पूर्वीच्या कमरेवर गेले. उजवीकडं जाणार, त्यांनी मनात म्हटलं. ती डावीकडं गेली.

ते चपापले. दुसरी मुलगी आली. या वेळी त्यांनी नीट पाहिलं, सगळं लक्ष लावून पाहिलं, वीस वर्षं पाहिलं तसं. कंबर डावीकडं वळली होती. यात शंकाच नव्हती. पूर्वी उजवीकडून निघून गेली, आणि ती बिचारी मुलगी रेघेवर उभी असावी तशी जागच्या जागी राहिली. तिसरी आली, आणि विनायकराव बाकावरून उठून उभे राहिले. यात काय होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. पाण्यातलं असेल, फरशीच्या रेघांवरचं असेल. खांद्याची ती लय तर पोहण्याची होती, आणि पाय टाकणं कुणाचंच नव्हतं, तिचं तिचं होतं. जे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, जे त्यांना स्वतःला येत नव्हतं, ते त्यांच्याच रक्ताच्या पोरीच्या अंगातून उमटत होतं. त्यांची जी नजर जन्मभर कधी फसली नव्हती, ती तीन वेळा फसली, त्र्याहत्तराव्या वर्षी, भर दुपारी, बाकापाशी. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

गोल मात्र झाला नाही. तिनं चेंडू बाहेर मारला.

सामना संपल्यावर ती घाम पुसत आली. "कशी खेळले?"

"मला कळलं नाही," विनायकराव म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "इतकं वाईट?"

"वेडे. मला कळलं नाही म्हणतोय. मला. तू कुठं जाणार ते मला कळलं नाही." त्यांनी तिचा घामट हात दोन्ही हातांत धरला. "आता मी तुला काही शिकवायचं राहिलं नाही."

पूर्वीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, एप्रिलनंतर पहिल्यांदा.

जानेवारीत ती मार्कांवर मिळालेल्या, घराजवळच्या साध्या शाळेत गेली. तिथं हॉकी होती, पण संघ लहान होता आणि मैदान दुसऱ्या शाळेशी वाटून घ्यावं लागे. उन्मेषनं ती दुसरी शाळा विसरायला बराच वेळ घेतला. आणि पुढच्या जूनमध्ये पूर्वीनं स्वतःच कोचला जाऊन सांगितलं की ती आता ऑक्टोबरपर्यंत येणार नाही. कोचनं विचारलं, घरच्यांनी सांगितलं का? ती म्हणाली, नाही, मीच ठरवलं.

त्या वेळी विनायकराव नव्हते. विनायकराव २९ मे २०२५ रोजी, गुरुवारी सकाळी, बुकित बातोकच्या घरी वारले.